उशिराचं बटण

१

घरच्या सुनेचं रथसप्तमीचं हळदीकुंकू आटोपलं, शेवटच्या बायका वाण घेऊन मळ्याबाहेर पडल्या, आणि सगुणाबाई विधात्यांनी गळ्यातली पुतळ्यांची माळ काढून देवघरातल्या तबकात ठेवली. दिवेलागणीला त्या निरांजन लावायला गेल्या, तेव्हा तबकात हळद होती, कुंकू होतं, माळ नव्हती.

पिंपळगाव बसवंतजवळच्या त्या द्राक्षाच्या मळ्यात मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. गाद्या उसवल्या, धान्याच्या कोठ्या उपसल्या, चुलीतली राखसुद्धा चाळून झाली. सोनं कुठं दिसेना. आणि मग कुणीतरी बोलून गेलं, की माळ ठेवल्यानंतर देवघरात जाताना दिसला तो एकटा कोंडाजी.

हे खरंच होतं. हंगामातला पहिला घड देवापुढं ठेवायचा मान कोंडाजीचा होता. सगुणाबाईंचे मालक गेले तेव्हा त्यांच्या पदरात लहानगा सहादू आणि अर्धीमुर्धी लावलेली बाग, एवढंच होतं. कोंडाजी मळ्यात कामाला होता. त्यानं ती बाग उभी केली, मांडव घातले, आणि रडका सहादू खांद्यावर घेऊन पाणीही भरलं. त्या दिवशीही त्यानं घड ठेवला, हात जोडले आणि भरलेला टेम्पो घेऊन तो पिंपळगावच्या बाजारात गेला. परत आला तेव्हा अख्खं घर त्याची वाट बघत ओट्यावर उभं होतं.

सकाळी पॅकिंगच्या शेडमध्ये बायका घड निवडत बसल्या असताना सहादू आत आला. जन्मभर तो कोंडाजीला नाना म्हणत आला होता.

"कोंडाजी," तो म्हणाला, "माळ दे."

बायकांच्या हातातल्या कात्र्या थांबल्या. कोंडाजीला आधी वाटलं की दुसऱ्याच कुणाला हाक मारली.

"म्या न्हाई घेतली, सहादू."

"संध्याकाळपर्यंत माळ आली नाही, तर तुझं बिऱ्हाड मळ्यातून उचलायचं. पोलिसात देत नाही, हे उपकार समज."

कोंडाजीचे कान तापले. त्याच्याजवळ नाव सोडून दुसरं काही नव्हतं, आणि ते नाव आता सगळ्या बायकांसमोर मातीत पडलं होतं. बिऱ्हाडाचं त्याला काही वाटलं नाही. मळ्यातून चोर म्हणून बाहेर पडायचं, हा विचार मात्र त्याला सोसवेना.

सगुणाबाई देवघरात आतून कडी लावून बसल्या होत्या. कोंडाजी चोर आहे असं त्या म्हणाल्या नव्हत्या, नाही असंही म्हणाल्या नव्हत्या. आतून त्यांचा एवढाच निरोप आला, "सातपूरच्या त्या पगारेबाईचं मशीन आणा. माळ मातीत आसंल तर ते बोलंल. तवर मी दार उघडायची नाय."

सहादू लगेच म्हणाला, "आणू की. होऊन जाऊ दे एकदाची खात्री."

२

सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात काम करणाऱ्या शकुंतला पगारे ह्या बाईचं वर्णन करायचं तर आधी त्यांच्या आवाजाचं करावं लागेल. टेम्पो मळ्यात शिरायच्या आत त्यांचा आवाज शिरला. "अहो पुंजाराम, खड्डे बघून चालवा! माझं मशीन आहे मागे, कांदे नाहीत!"

पुंजाराम म्हणजे सहादूचा मेहुणा. बहिणीच्या घरी राहून बाजाराचं काम बघायचा, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर हसायचा.

शकूताईंनी मशीन उतरवलं. प्लॅस्टिकच्या मोठ्या चाळणीचं कडं, त्यावर गुंडाळलेली तांब्याची तार, बांबूचा दांडा, आणि दांड्याच्या वरच्या टोकाला जुन्या रेडिओची लाकडी पेटी. पेटीवर तीन बटणं होती. प्रत्येकाखाली पांढऱ्या रंगानं सुबक अक्षरांत नाव लिहिलेलं. उशीर, कुजबूज, विसर.

"हे सगळं तुमी केलं?" कोंडाजीनं विचारलं. दिवाळीनंतर ह्याच मशीननं ताईंनी मळ्यातला बुजलेला लोखंडी पाईप शोधून दिला होता. तेव्हा तो लेकीकडं सिन्नरला गेला होता, त्यामुळं तो ते पहिल्यांदाच बघत होता.

"मग काय दुकानात मिळतं?" शकूताई खूश होऊन म्हणाल्या. आपल्या कामाचं कौतुक त्यांना आवडायचं आणि त्या ते लपवत नसत. "तीनदा जाळलं, चौथ्यांदा बोललं. बॅटरी उचलायला कुणीतरी हवंय. तुम्ही चला."

पुंजाराम फिसकन हसला. "ताई, ज्याच्यावर आळ आलाय त्याच्याच खांद्यावर बॅटरी?"

"चोर असेल तर नजरेसमोर बरा. नसेल तर सोबत बरी." त्यांनी बॅटरीची पिशवी कोंडाजीच्या खांद्याला अडकवली.

आणि चालता चालता त्यांनी त्याला जे सांगितलं ते तो पुढं आयुष्यभर इतरांना सांगत राहिला. "नाना, भांडं वाजवून बघतो ना आपण? पितळी घंगाळ्यावर टिचकी मारली की लांबवर घुमतं. पत्र्याचा डबा टण् करतो आणि गप्प. हे मशीन जमिनीला तशीच टिचकी मारतं. मग जरा थांबून ऐकतं. खाली जाड पाईप असेल तर तो बराच वेळ घुमत राहतो. सोन्याची पातळ पुतळी चटकन विझते. टिचकीनंतर किती थांबून ऐकायचं, ते हे उशिराचं बटण."

"आन् कुजबूज?"

"मशीनचा आवाज किती ठेवायचा, ते. अगदी बारीक गुणगुण ठेवायची, म्हणजे फरक चटकन कळतो. आणि विसर म्हणजे सारखा येणारा आवाज मशीननं किती लवकर विसरायचा. बडबड्या माणसाचं कसं, थोड्या वेळानं ऐकूच येत नाही. माझ्या नवऱ्याला विचारा."

कोंडाजीला त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं.

शकूताईंनी आधी अंगण धरलं, मग गोठा, मग शेडच्या आजूबाजूची जागा, मग मांडवाखालची ताजी उकरलेली माती. मांडवाच्या तारा डोक्यावरून जात होत्या, त्यामुळं त्यांचा त्रास नव्हता. उशिराचं बटण अगदी कमीवर, आणि चाळणीचं कडं जमिनीपासून वीतभर उंच. काय त्यांचा तो हात! कडं असं फिरत होतं की त्यावर पाण्यानं भरलेला पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता. मशीननं घोड्याची नाल काढून दिली, विळ्याचं मोडकं पातं दिलं, आणि गोठ्याच्या तोंडाशी सहादूच्या बायकोचं, लताबाईचं, कधीचं हरवलेलं जोडवं दिलं. लताबाईनं ते पदरानं पुसलं आणि डोळ्यांना लावलं. एवढीशी चांदी ऐकणाऱ्या कानाला माळ ऐकू आल्याशिवाय राहणार नाही, अशी कोंडाजीची खात्री पटली.

शेवटी राहिली भट्टीची जागा. घर बांधताना तिथं विटा भाजल्या होत्या, आणि जमीन अजून तांबडीलाल होती. सगळं घर मशीनच्या मागोमाग आलं होतं. कडं तिथं पोचलं मात्र, मशीननं जो सूर लावला तो ऐकून गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. लताबाईनं कानांवर हात ठेवले. पुंजाराम म्हणाला, "ताई, ह्याचं काहीतरी दुखतंय!"

"भाजलेली माती आहे," शकूताई ओरडून म्हणाल्या. "अशा मातीत मशीन कावतं. पाईप शोधतानाही कावलं होतं."

"आत आईचं डोकं दुखत असेल ह्यानं," सहादू म्हणाला. "ताई, तो उशीर थोडा वाढवा की."

शकूताईंनी उशिराचं बटण पुढं फिरवलं. मशीन गप्प झालं. मग त्यांनी भट्टीची सगळी जागा कडेकडेनं फिरून पाहिली. कुठंच आवाज आला नाही.

"म्हणजे मळ्यात नाही," सहादू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "माळ बाहेर गेली. आणि काल मळ्याबाहेर कोण गेलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे."

३

मंडळी पांगली. कोंडाजी बॅटरी उतरवायला वाकला, तर शकूताई म्हणाल्या, "थांबा, तार काढू नका."

त्यांची एक सवय होती. मशीन बंद करायच्या आधी त्या कानातली सोन्याची कुडी काढून जमिनीवर ठेवायच्या आणि तिच्यावरून कडं फिरवायच्या. मशीननं कुडीला ओळखलं, की आजचा दिवस खरा. नाही ओळखलं, तर दिवसभरात जे जे पाहिलं ते पुन्हा पाहायचं. कारखान्यात तपासणीचं काम करणाऱ्या बाईची ही शिस्त होती. आजही त्यांनी कुडी मातीत ठेवली आणि कडं फिरवलं.

मशीन हूं की चूं करेना.

शकूताईंचा चेहरा उतरला. त्यांनी पेटीवर नजर टाकली, उशिराचं बटण मागं घेतलं, आणि पुन्हा कडं फिरवलं. ह्या वेळी मशीन लख्ख बोललं.

"नाना," त्या हळू म्हणाल्या, आणि हळू बोलणं त्यांना शोभत नव्हतं, "मी गाढव आहे. भट्टीवर मशीन ओरडलं आणि मी ते गप्प केलं. आपलं मशीन लोकांसमोर कोकलतंय हे करणाऱ्याला सहन होत नाही हो. पण उशीर वाढवला की मातीचा गलका जसा कमी होतो, तशी पातळ सोन्याची हाकही जाते. मशीन ऐकायला लागेपर्यंत ती विझून गेलेली असते. बाकीची सगळी जागा पाहून झाली होती. भट्टी मात्र मी पाहिलीच नाही."

कोंडाजीच्या अंगात वारं शिरलं. "मंग चला की! आत्ताच बघू!"

"थांबा. भट्टीच्या त्या तुकड्यात मेथी लावलीय, ती कुणाची?"

कोंडाजी घुटमळला. "माझीच. सगुणाआक्का दिवाळीला सगळ्यांम्होरं म्हणल्या व्हत्या, की तो तुकडा त्या माझ्या नावावर करनार हायेत. बागंची आठवन म्हनून."

"सगळ्यांसमोर?"

"व्हय. सहादू व्हता, सूनबाई व्हती, तिचा भाऊ बी व्हता."

"आणि आता समजा, माळ त्याच तुकड्यात सापडली. लोक काय म्हणतील?"

जी माळ सापडावी म्हणून सकाळपासून कोंडाजी देवाचा धावा करत होता, ती सापडली की त्याच्याच गळ्याला फास बसणार होता.

"म्हणून आधी माणूस शोधायचा," शकूताई म्हणाल्या. "मग माळ."

४

लताबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. शकूताई तिच्यासमोर पाटावरच बसल्या. कोंडाजी दारात उभा राहिला.

"लताबाई, एक गंमत सांगा. सकाळी भट्टीवर मशीन ओरडलं तेव्हा ते तुमच्या हातात असतं, तर गप्प करायला कोणतं बटण फिरवलं असतं?"

"कुजबुजीचं की. आवाजाचं तेच ना?" लताबाईनं भाकरी उलटली. "पण तुमी दुसरंच फिरवलं. दिवाळीच्या वेळेला बी तसंच केलं व्हतं. माझी अंगठी मागून घेतली व्हती, आठवतं? भट्टीवर टाकून म्हणलात, बघा, आता ही ऐकू येनार नाय."

"कोण कोण होतं तेव्हा?"

"आमी तिघंच. मी, हे आन् भाऊ." मग तिनं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, ती माळ पुढं मलाच यायची हाय. मला काय तिची घाई नाय. पन नाना गेले तर बाग कोन सांभाळनार? ह्यांला तर छाटणीची कात्री बी धड धरता येत नाय."

पुंजाराम शेडमागं सापडला. कोंडाजीचं पहिलं लक्ष त्याच्या चपलांकडं गेलं. चपलांना तांबडी माती लागली होती, सकाळच्या फेरीपेक्षा कितीतरी जास्त, टाचांच्या खाचांत घट्ट बसलेली. शकूताईंनीही ती पाहिली.

"भट्टीवर रोज जाता वाटतं?"

पुंजारामचं हसू पहिल्यांदाच मावळलं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि खिशातून बिडीचं बंडल काढून दाखवलं. "भट्टीच्या मागच्या बांधावर बसून ओढतो. बहिणीला कळलं तर जेवण बंद. कृपा करून सांगू नका."

"नाही सांगत. मशीन ओरडलं तर तुम्ही कोणतं बटण फिरवाल?"

"बटण? मी तर बॅटरीची वायरच उपटीन." तो पुन्हा हसायला लागला.

सहादू टेम्पोशी उभा राहून खोकी मोजून घेत होता. प्रश्न ऐकून तो वैतागला.

"मला त्या बटणांतलं काय कळतंय, ताई? तुमचं काम झालं ना? मळ्यात माळ नाही, हे तुम्हीच दाखवलं. आता कशाला पोरखेळ? संध्याकाळी कोंडाजी बिऱ्हाड उचलेल. संपलं."

हे बोलताना त्यानं कोंडाजीकडं एकदाही पाहिलं नाही. लहानपणी जेव्हा जेव्हा त्यानं काही मोडलं, सांडलं, तेव्हा तेव्हा तो असाच दुसरीकडं बघायचा. कोंडाजीच्या मनात काहीतरी हललं, पण ते त्यानं दाबून टाकलं. तसला विचारसुद्धा त्याला नको होता.

शेवटी शकूताई देवघराच्या बंद दाराशी गेल्या. "आक्का, सकाळी मशीनच्या आवाजानं फार डोकं दुखलं का हो?"

"कसला आवाज?" आतून सगुणाबाई म्हणाल्या. "भट्टी कुठं, देवघर कुठं! मला काय बी ऐकू आलं नाय."

शकूताई वळल्या. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता, पण शंकाही राहिलेली नव्हती.

"आक्का, दार उघडा," त्या म्हणाल्या. "माळ कुठं आहे ते मला कळलंय. ती कुणी ठेवली, तेही."

५

दुपार कलली होती. भट्टीवर मेथीच्या वाफ्यांशी सगुणाबाईंसाठी खुर्ची ठेवली. लताबाई त्यांच्यामागं उभी राहिली, पुंजाराम बांधावर बसला, आणि सहादू हाताची घडी घालून जरा बाजूला. शेडमधल्या बायकांना कुणी बोलावलं नव्हतं. कोंडाजीनं बॅटरी खांद्याला लावली. खाली माळ असावी ही त्याला आशा होती, आणि ती खाली असेल हीच भीती.

"आक्का, सकाळी माझ्याकडून चूक झाली," शकूताई म्हणाल्या. "ती आधी निस्तरते."

त्यांनी उशीर अगदी कमीवर आणला. मशीन सकाळसारखंच किंचाळायला लागलं. पण ह्या वेळी त्या बटणाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. त्यांनी विसराचं बटण घेतलं आणि केसभर, मग अजून केसभर पुढं सरकवलं. कडं मातीवरून एकाच उंचीनं, एकाच चालीनं फिरत होतं. भाजलेल्या मातीचा गलका सारखाच होता, आणि सारखाच म्हणून मशीन तो विसरायला लागलं. किंचाळी ओसरली, पुटपुट उरली. मग कुजबूज इतकी खाली आणली की ऐकायला सगळ्यांनी श्वास धरला.

"आता थांबता येत नाही," त्या चालता चालता म्हणाल्या. "थांबले की मशीन सोन्यालाही विसरेल. कडं खालीवर झालं की माती पुन्हा ओरडेल."

कोंडाजी त्यांच्या पावलात पाऊल टाकून चालत होता. बोटं बटणावर, डोळे मातीवर, कान आवाजात, आणि हात पाळण्यासारखा संथ. एवढं सगळं एका माणसाला एका वेळी कसं जमतं, हे त्याला कळेना. ही बाई आपल्या बाजूनं आहे, ह्याचा त्याला अभिमान वाटला.

वाफ्याच्या कोपऱ्यावर मशीन बोललं. एक छोटासा, गोड चढता सूर. कडं परत आलं, पुन्हा तोच सूर, त्याच जागी.

"खणा, पुंजाराम."

पुंजारामनं खुरप्यानं माती काढली. हातभर खोलीवर खताच्या पिशवीचा तुकडा लागला, आणि त्यात गुंडाळलेली माळ. सगुणाबाईंनी ती हातात घेतली आणि सगळ्यांच्या आधी कोंडाजीकडं पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता. कोंडाजी मेल्याहून मेल्यासारखा झाला.

"बघा!" सहादू म्हणाला. "त्याच्याच वाफ्यात!"

"हो, त्याच्याच वाफ्यात," शकूताई शांतपणे म्हणाल्या. "आता माझं ऐका. ही जागा उगाच निवडलेली नाही. इथं मशीन ओरडतं, ओरडलं की मी उशीर वाढवते, आणि वाढवला की पातळ सोनं ऐकू येत नाही. हे ज्याला ठाऊक होतं, आणि माळ हरवली की मलाच बोलावणार हेही ज्यानं ओळखलं होतं, त्यानंच माळ इथं पुरली. हे मी दिवाळीनंतर इथंच, लताबाईंची अंगठी टाकून दाखवलं होतं. बघणारे तिघं. लताबाई, पुंजाराम आणि सहादू. कोंडाजीनाना तेव्हा सिन्नरला होते. त्यांनी हे मशीन आज सकाळी पहिल्यांदा पाहिलं."

सगुणाबाईंची बोटं माळेवर थांबली.

"आता ह्या तिघांतलं कोण? ज्याला आवाजाचा त्रास होतो तो माणूस म्हणतो, आवाज कमी करा. लताबाईंना विचारलं तर त्यांनी आवाजाचंच बटण सांगितलं. पुंजाराम तर वायर उपटणार होते. ज्याला नुसती शांतता हवी, तो हेच करेल. सकाळी एकानंच मला सांगितलं, उशीर वाढवा म्हणून. आईचं डोकं दुखतंय म्हणाला. आणि आईला तर आवाज ऐकूही आला नव्हता."

पुंजारामनं खुरपं खाली ठेवलं. लताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"तरी मी म्हटलं, योगायोग असेल. म्हणून दुपारी सगळ्यांना तोच प्रश्न विचारला. ज्याला खरं उत्तर सकाळी येत होतं, तोच दुपारी म्हणाला, मला बटणांतलं काय कळतंय."

मशीन मातीवर पडून बारीक पुटपुटत होतं. शकूताईंनी ते बंद केलं.

"सहादू?" सगुणाबाई म्हणाल्या.

सहादू बोलला ते जमिनीकडं बघून. "सोनं मला नको होतं, आई. थोड्या दिवसांनी परत तबकात ठेवणार होतो. पण तू सगळ्यांसमोर म्हणालीस, बाग कोंडाजीची म्हणून तुकडा कोंडाजीला. बाजारात लोक मला विचारतात, तुझ्या नानाला विचारून भाव सांग. मी कुठंच नाही का ह्या मळ्यात?"

"मंग माझ्या खोपटात टाकायची व्हती माळ," कोंडाजी म्हणाला. "लगेच माझ्यातनं सुटला असतास."

"खोपटात सापडली असती तर आईनं पोलीस आणले असते." सहादूनं मान वर केली नाही. "तुम्हाला तुरुंगात नव्हतं घालायचं, नाना. फक्त जायला हवे होतात."

६

सगुणाबाई खुर्चीतून उठल्या. पोटच्या पोरापेक्षा आपण ज्याच्यावर क्षणभर संशय घेतला त्याच्याकडं बघणं त्यांना जड जात होतं.

"कोंडाजी, मी दार लावून बसले. मी बाहेर येऊन म्हनायला पायजे व्हतं, हा मानूस चोर नाय. नाय म्हनले. आता तू सांग. तू म्हनशील तसं व्हईल. पोलीस म्हन, पोलीस."

सकाळपासून कोंडाजीनं मनात सहादूला कायकाय ऐकवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता आठवेना.

"पोलीस नको," तो अखेर म्हणाला. "तुकडा बी नको, आक्का, त्याला खुपत आसंल तर. पन ज्या जागी मला चोर म्हणला, त्या जागी त्यानं खरं काय ते सांगावं. मला येवढंच पायजे."

"तुकडा तुझाच हाय," सगुणाबाई म्हणाल्या. "ते बोलनं झालं." मग त्या मुलाकडं वळल्या आणि त्यांनी हातानं शेडचा रस्ता दाखवला.

शेड तिथून काही लांब नव्हती, पण सहादूला ती लांब झाली. शकूताई बाहेरच थांबल्या. आता आपलं काम उरलं नाही, हे त्यांना कळलं होतं. कोंडाजी दारातून दोन पावलं आत गेला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

सहादू घड निवडणाऱ्या बायकांच्या मधोमध गेला. कुणी वर पाहिलं, कुणी पाहिलं नाही. पुतळाबाई नावाची म्हातारी, जी त्याच्या जन्माच्या आधीपासून ह्या मळ्यात येत होती, तिनं कात्री मांडीवर ठेवली.

"माळ मी घेतली होती," सहादू म्हणाला. "नानांनी नाही. मीच घेतली, मीच पुरली, आणि नाव त्यांचं घेतलं. चोर मी आहे."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि कुणीतरी देवाचं नाव घेतलं. पुतळाबाईनं सहादूकडं पाठ फिरवली.

हे ऐकल्यावर आपल्या छातीवरचा दगड उतरेल, असं कोंडाजीला दिवसभर वाटत होतं. तो उतरलाही. पण समोर उभा होता तो मालक त्याला दिसेना. मान खाली घालून, हात कुठं ठेवावेत हे न कळून उभं असलेलं पोर दिसलं. आता ह्या क्षणी कुणी त्याच्याशी बोललं नाही, तर ते ह्या शेडमध्ये पुन्हा कधी मान वर करून येणार नाही, हेही त्याला दिसलं.

कोंडाजी भिंत सोडून पुढं आला. निवडलेल्या द्राक्षांचं भरलेलं खोकं बायकांच्या पुढ्यात पडलं होतं. त्यानं वाकून त्याची एक कड धरली.

"टेम्पो थांबलाय, सहादू," तो म्हणाला. "तिकडून धर."

सहादूनं दुसरी कड धरली. खोकं जड होतं. दोघांनी ते मिळून उचललं आणि बाहेर नेलं.